जरबेऱ्याची मान आणि लिग्निनची जनुके

शिरोळ, हातकणंगले भागातल्या पॉलिहाऊसमधून मुंबईला गेलेला जरबेरा कधी कधी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मान टाकतो. पाकळ्या टवटवीत असतात, दांडा मात्र फुलाच्या खालीच वाकलेला. ‘लिग्निन कमी पडलं’ हे निदान आता आपल्याकडेही सर्रास ऐकू येतं. लिग्निन म्हणजे वनस्पतींच्या पेशीभिंतींना टणकपणा देणारा पदार्थ.

लिग्निनला हे नाव १८१३ मध्ये मिळालं. नंतरचा बहुतेक अभ्यास लाकूड, कागद आणि चारा यांच्यासाठी झाला. तिथे लिग्निन नकोसंच होतं, कारण लगदा करताना ते काढावं लागतं आणि गुरांना ते पचत नाही. त्यामुळे ते घटवायचं कसं, याचंच ज्ञान आधी साठत गेलं. १९९८ मध्ये स्नॅपड्रॅगन या शोभेच्या फुलझाडातली एमवायबी गटातली, म्हणजे इतर जनुकांना चालू-बंद करणारी, दोन जनुकं तंबाखूत घातली, तर तंबाखूतलं लिग्निन घटलं. म्हणजे फुलझाडातून पहिल्यांदा हाती आला तो ब्रेक! २००७ मध्ये अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेत वापरल्या जाणाऱ्या छोट्या रोपातली, एनएसी या अशाच नियंत्रक गटातली दोन जनुकं बंद पाडली, तेव्हा दांड्यातल्या तंतूंच्या भिंती जाड झाल्या नाहीत आणि झाड ताठ उभं राहीना. एनएसीचा हुकूम एमवायबींना आणि त्यांचा लिग्निन घडवणाऱ्या विकरांच्या (एन्झाइमांच्या) जनुकांना, अशी उतरंड त्या सुमारास स्पष्ट झाली. पुढे शेवंतीत लिग्निन वाढवणारी आणि घटवणारी, दोन्ही प्रकारची एमवायबी सापडली. वाढवणाऱ्यांमुळे माव्यालाही आळा बसतो.

खरा गुंता ‘मान टाकणे’ या शब्दात आहे. त्यात दोन दुखणी एकत्र बांधली गेली आहेत. एक, फूल लवकर काढल्यामुळे दांडा कोवळा राहणं. दुसरं, जिवाणूंनी किंवा हवेच्या बुडबुड्यांनी पाण्याच्या नलिका तुंबणं. जरबेऱ्याच्या दांड्यात फुलालगत लिग्निन कमीच असतं. तिथला ताठपणा पेशींतल्या पाण्याच्या दाबावर टिकतो. म्हणून पाणी तुटलं की पहिला बाक तिथेच येतो आणि दोष लिग्निनला लागतो. टोक नव्याने कापून स्वच्छ पाण्यात ठेवल्यावर मान सावरली, तर दुखणं पाण्याचं होतं. माझ्या मते हे पाहिल्याशिवाय जनुकांकडे बोट दाखवणं घाईचं आहे.

शिवाय लिग्निन सगळीकडे वाढून चालणारही नाही. जरबेऱ्याचा बुडखा आधीच टणक, नलिका अरुंद, त्यातून पाणी चढत नाही. म्हणून दांडा उपटल्यावर खालचे दोन-तीन सेंटिमीटर कापून टाकतात. शेवंतीत तर कापल्या जागची जखम भरताना लिग्निन घडवण्यात भाग घेणारं पेरॉक्सिडेज हे विकरच नलिका बुजवायला हातभार लावतं.