भीतीला दिशा कोण देते?

विषमता वाढली की द्वेष आपोआप वाढतो, असे सर्रास म्हटले जाते. इतिहास इतका सरळ नाही. घोर विषमतेत पिढ्यान्‌पिढ्या जगलेले कितीतरी समाज वरवर शांत राहिले. जे पदरात आहे तेही जाईल अशी धास्ती पसरली आणि त्या धास्तीला कोणीतरी लक्ष्य दाखवून दिले, तेव्हा द्वेष भडकला.

आज फ्रान्समध्ये असलेल्या स्ट्रासबुर्ग शहरात फेब्रुवारी १३४९ मध्ये शेकडो ज्यूंना जिवंत जाळण्यात आले. विहिरींत विष कालवून त्यांनी प्लेग पसरवला, असा आरोप होता. प्रत्यक्षात साथ तोवर त्या शहरात पोहोचलीही नव्हती, आणि पोप सहावे क्लेमेंट यांनी हा आरोप आदल्या वर्षीच फेटाळला होता. हत्याकांडानंतर ज्यूंकडून घेतलेली कर्जे रद्द झाली आणि त्यांची रोकड शहरातील कारागिरांत वाटली गेली. लोकांची भीती खरी होती, पण तिच्या आडून कोणाची देणी मिटली हेही पाहिले पाहिजे.

राज्यसत्तेने कायद्याच्या आधारे भीतीची दिशा कशी वळवली, हे अमेरिकेतील व्हर्जिनिया या इंग्रज वसाहतीत विशेष स्पष्ट दिसते. १६७६ मध्ये नॅथॅनियल बेकन या मळेवाल्याने गव्हर्नरविरुद्ध केलेल्या बंडात ठरावीक मुदतीच्या कराराने बांधलेले गोरे नोकर आणि आफ्रिकी गुलाम खांद्याला खांदा लावून लढले आणि राजधानी जेम्सटाउन जाळली गेली. (या बंडाचा गौरव करण्याचे कारण नाही, त्याची सुरुवातच मूळ रहिवाशांवरील हल्ल्यांतून झाली होती.) मळेवाल्यांना धसका बसला तो तळातल्या दोन गटांच्या या एकीचा. पुढे गुलामांची संख्या झपाट्याने वाढत गेली, आणि १७०५ च्या कायद्याने मुदत संपलेल्या गोऱ्या नोकराला मका, ३० शिलिंग आणि बंदूक देणे मालकावर बंधनकारक केले. त्याच कायद्याने गुलामांकडील घोडे, गुरे आणि डुकरे जप्त करून विकण्याची आणि येणारे पैसे स्थानिक गरिबांसाठी खर्च करण्याची तरतूद केली. मोठ्या मळेवाल्यांच्या जमिनीला धक्का लागला नाही. गरीब गोऱ्याला मात्र आपल्याखाली कोणीतरी आहे ही खात्री मिळाली आणि ती गमावण्याची भीतीही.

कॅलिफोर्नियात १८७३ नंतरच्या मंदीत रेल्वे कंपन्यांवरचा रोष चिनी मजुरांकडे वळला आणि १८८२ मध्ये चिनी मजुरांना देशात येण्यास बंदी करणारा कायदा झाला.

जर्मनीचे उदाहरण नेहमी दिले जाते, पण बहुधा अर्धवट. नाझी पक्षाला मे १९२८ मध्ये २.६ टक्के, सप्टेंबर १९३० मध्ये १८.३ टक्के आणि जुलै १९३२ मध्ये ३७.३ टक्के मते मिळाली. या काळात नोंदणीकृत बेकारांची संख्या ६० लाखांच्या घरात गेली होती, म्हणून बेकारीनेच हिटलर आणला असा निष्कर्ष काढला जातो. प्रत्यक्षात बेकार कामगार मोठ्या प्रमाणावर कम्युनिस्टांकडे वळले होते. नाझींना भक्कम साथ मिळाली ती छोटे दुकानदार, कारागीर आणि प्रॉटेस्टंट शेतकरी यांची, म्हणजे अजून पूर्ण न बुडालेल्या पण बुडण्याच्या भीतीने ग्रासलेल्या वर्गाची. १९२३ च्या चलनवाढीने यातल्या अनेकांची बचत आधीच मातीमोल केली होती. त्यात बेकारी विम्याच्या खर्चावरून १९३० मध्ये आघाडी सरकार कोसळले, आणि पुढचे चान्सेलर ब्र्युनिंग यांनी अध्यक्षीय वटहुकमांच्या जोरावर पगार आणि मदत दोन्ही कापले. माझ्या मते, लोकशाही पक्षांनी सुरक्षिततेचे आश्वासन मोडल्यामुळे रिकामी झालेली ही जागा द्वेषाच्या राजकारणाने भरून काढली.

तीच जागतिक मंदी स्वीडनमध्येही होती. तेथे १९३३ मध्ये सोशल डेमोक्रॅट आणि शेतकऱ्यांचा पक्ष यांनी तडजोड केली: शेतमालाच्या भावांना आधार आणि बेकारांना सार्वजनिक कामे. कामगार आणि शेतकरी यांना एकमेकांची भीती दाखवण्याचा मार्ग त्यामुळे अरुंद झाला. अमेरिकेत रूझवेल्ट यांनी राष्ट्राध्यक्ष म्हणून मार्च १९३३ मध्ये केलेल्या पहिल्याच भाषणात भीतीलाच खरा शत्रू म्हटले आणि १९३५ मध्ये सामाजिक सुरक्षा कायदा आणला. मात्र शेतमजूर आणि घरकामगार त्यातून वगळले गेले आणि दक्षिणेतील बहुसंख्य कृष्णवर्णीय श्रमिक याच दोन कामांत होते. त्यांतील बहुतेकांना कायद्याचे संरक्षण मिळाले ते १९५० आणि १९५४ च्या दुरुस्त्यांनंतर.