उथळ तलावांतील प्राणिप्लवक व पाण्याचा दर्जा

तलावाच्या पाण्यात तरंगत राहणारे सूक्ष्म प्राणी म्हणजे प्राणिप्लवक. गोड्या पाण्यात रोटिफर, पाणपिसवा, कोपेपॉड आणि ऑस्ट्रॅकॉड हे त्यांचे मुख्य गट. नारू या कृमिरोगाचा प्रसार करणारा सायक्लॉप्स कोपेपॉडांपैकीच. पाणी फडक्यातून गाळून पिण्याचा सल्ला त्याच्यामुळेच दिला जाई.

जळगावचा मेहरूण किंवा धुळ्याचा नकाणे अशा खानदेशी तलावांत या जिवांची कसोटी एप्रिल-मेमध्ये लागते. पारा 45 अंशांकडे सरकतो, पाणी आटते, क्षार वाढतात. सांडपाणी किंवा शेतातले खत उतरत असेल तर निळे-हिरवे शेवाळ माजते. ते दिवसा कार्बन डायऑक्साइड शोषते, त्यामुळे दुपारी सामू (पीएच, पाण्याची आम्लता-अल्कता) 9 च्या वर जाऊ शकतो. खरा घात मग अमोनिया करतो: 30 अंशांना एकूण अमोनियातला विषारी भाग सामू 8 असताना साधारण 7 टक्के, सामू 9 झाला की 45 टक्क्यांच्या आसपास. रात्री तेच शेवाळ ऑक्सिजन खाते. आधीच 30 अंशांच्या पाण्यात तो लिटरमागे जेमतेम साडेसात मिलिग्रॅम मावतो. पहाटे त्याची पातळी सर्वांत खाली असते. म्हणून फक्त सकाळी अकराला केलेली तपासणी फसवी.

पाणपिसू पाणी गाळून खाते. शेवाळाचे तंतू आणि मायक्रोसिस्टिस या निळ्या-हिरव्या शेवाळाचे पुंजके तिच्या गाळणीत अडकतात. पावसाळ्यात काळ्या मातीचा गढूळपणाही तिची उपासमार करतो. ब्रॅकिओनससारखे रोटिफर मात्र अशा पाण्यात झपाट्याने वाढतात. त्यामुळे एकूण संख्या वाढली म्हणजे तलाव सुधारला, असे धरू नये. कोण वाढले ते पाहावे. मोठ्या पाणपिसवा गायब झाल्या तर आधी मत्स्यबीज कधी सोडले ते विचारावे, कारण मासे त्यांनाच प्रथम टिपतात.

नमुन्यासाठी 50 लिटर पाणी सुमारे 60 मायक्रॉनच्या जाळीतून ओततात आणि उरलेला अर्क 4 टक्के फॉर्मेलिनमध्ये (नमुना टिकवणाऱ्या द्रावणात) ठेवतात. नुसत्या फॉर्मेलिनने पाणपिसवा फुगतात व अंडी गळतात. लिटरमागे 40 ग्रॅम साखर घातल्यास हे टळते. अर्क 25 मिलिलिटर असून मोजणीच्या 1 मिलिलिटरच्या काचपेटीत 40 प्राणी दिसले, तर 40 × 25 ÷ 50, म्हणजे लिटरला 20. वेळ व जागा दर खेपेला तीच हवी, कारण अनेक पाणपिसवा दिवसा तळाशी किंवा पाणवनस्पतींत दडतात.

तलाव पूर्ण आटला तरी त्यांची टणक कवचाची अंडी गाळात तग धरतात आणि पहिल्या भरणीनंतर उबतात. उन्हाळ्यात गाळ उपसताना तीही ट्रॉलीतून शेतात जातात.