'टू शाम्पू' म्हणजे आधी अंग चेपणं : एका जुन्या क्रियापदाची पार्श्वभूमी

शाम्पू हा शब्द आपल्याकडून इंग्रजीत गेला हे आता शाळेतल्या पोरांनाही माहितीय, त्यामुळे ते परत सांगत नाही. पण तो गेला तेव्हा बाटलीही नव्हती आणि फेसही नव्हता. होतं ते नुसतं क्रियापद, आणि त्याचा अर्थ अंग दाबून देणं, रगडणं. 'चांपना' या हिंदी क्रियापदाचं आज्ञार्थी रूप 'चांपो', तिथून ते आलं. चाफ्याच्या फुलाशी त्याचा संबंध जोडणारे फॉरवर्ड फिरत असतात, त्यात मला काही दम वाटत नाही. आपलं चापणं, चेपणं याच कुळातलं दिसतं, म्हणजे चापूनचोपून नेसलेली साडी आणि आजोबांचे पाय चेपणं हे शाम्पूचे सख्खे नातेवाईक म्हणायचे.

आता आज्ञार्थीच का, चांपना का नाही गेलं? मला यातली खरी गंमत इथेच वाटते. 1886 साली छापलेल्या अँग्लो-इंडियन शब्दांच्या जाडजूड कोशात असली क्रियापदं बरीच सापडतात, पकडाओवरून 'पकरो', नाव किनाऱ्याला लगाओवरून 'लुगाओ', बनाओवरून 'बुनाओ', फुसलाओवरून 'फूझिलो'. सगळी हुकमाचीच रूपं. साहेब व्याकरण शिकून थोडाच बोलत होता, नोकराला दिवसभर जे ओरडून सांगायचा तेच त्याच्या तोंडात बसलं, आणि पुढे इंग्रजीत त्याला -इंग लागलं, -एड लागलं, झालं क्रियापद तयार! बाकीची मंडळी कोशातच राहिली, हे एकच जगभर पोचलं. लोक याला 'भाषांची देवाणघेवाण' वगैरे म्हणतात, मला तरी यात देवाण कमी आणि हुकूमच जास्त ऐकू येतो.

छापील इंग्रजीत हे क्रियापद 1762 च्या एका प्रवासवर्णनात दिसतं, आणि तेही हिंदुस्थानबद्दल नाही, चीनबद्दल! लेखकाने तिथे स्वतः अंग रगडून घेतलं, पण आधी काही व्यापाऱ्यांवर हा प्रयोग झालेला पाहिला होता म्हणून धीर झाला, नाहीतर ती हत्यारं बघूनच घाबरलो असतो असं तो म्हणतो.

त्यामुळे 'शाम्पूचा शोध एका बिहारी माणसाने लावला' हा फॉरवर्ड दोन्हीकडून चुकतो. तो माणूस म्हणजे शेख दीन महंमद, पाटण्याचा खरा, ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत होता, 1810 मध्ये लंडनला हिंदुस्थानी पद्धतीचं कॉफी हाऊस काढलं, दोन वर्षांत दिवाळं निघालं, मग 1814 च्या सुमारास ब्रायटनला समुद्राकाठी जाऊन वाफेचं न्हाणीघर थाटलं. शब्द त्याच्या आधीच छापून आलेला, आणि तो केस धूतच नव्हता. पेशंटला औषधी पाल्याच्या वाफेत बसवायचं, भोवती फ्लॅनेलचा तंबू, तंबूला बाह्या शिवलेल्या, त्यात बाहेरून हात घालून अंग रगडायचं. बरे झालेले लोक आपल्या कुबड्या तिथेच सोडून जात आणि त्या शोसाठी टांगून ठेवलेल्या असत, म्हणजे जाहिरातबाजी काय आजची नाही. इंग्लंडच्या दोन राजांनी त्याच्याकडून शाम्पू करून घेतलं, पण अर्थात अंगाला.

डोक्याकडे हा शब्द सरकला तो साधारण 1860 च्या आसपास. न्हावी साबण लावून डोकं रगडायला लागले, त्यात रगडणं मागे पडलं आणि धुणं राहिलं. त्यात 1870 च्या दशकात फ्रेंचांचा 'मसाज' इंग्रजीत आला, तो जास्त फॅशनेबल वाटला असणार, आणि शाम्पूचा जुना अर्थ हळूहळू म्हाताऱ्यांच्या बोलण्यापुरता उरला. मग क्रियापदाचं नाम झालं, नामाची बाटली.

आपल्याकडे तो परत आला तो बाटलीतून, आणि 1980 नंतर खरा घरोघरी पोचला तो पाऊचमधून, किराणा दुकानात माळेसारखे लटकलेले ते पाऊच, दाताने कोपरा फाडायचा आणि अर्धा उद्यासाठी दुमडून न्हाणीच्या खिडकीत ठेवायचा. शिकेकाई आणि रिठा तोवर रविवारपुरते उरले होते. गंमत म्हणजे मूळ अर्थ इथे कुठे गेलाच नव्हता, 'चंपी' म्हणून चौपाटीवर तेलाच्या बाटल्या खुळखुळवत फिरत होता. आता पार्लरच्या रेटकार्डवर 'शाम्पू' आणि 'हेड मसाज' अशा दोन वेगळ्या ओळी असतात आणि दोन्हीचे पैसे वेगळे लावतात.