सहा गठ्ठे पद्धत

सहा गठ्ठे पद्धत : शासकीय कार्यालयातील लिपिकाने आपल्या संकलनाचे (त्याच्याकडे सोपवलेल्या विषयांचे) सगळे कागद सहा ठरावीक गठ्ठ्यांत लावून ठेवण्याची, महाराष्ट्राच्या महसूल प्रशासनात रूढ झालेली रीत. प्रलंबित प्रकरणे, प्रतीक्षाधीन प्रकरणे, नियतकालिके (ठरावीक मुदतीने पाठवायची विवरणपत्रे), स्थायी आदेश संचिका (कायम लागू असलेल्या आदेशांची), अभिलेख कक्षात पाठवायची प्रकरणे आणि नाश करायचे 'ड' वर्गाचे कागद असे हे सहा गठ्ठे.

अहमदनगरचे (आता अहिल्यानगर) जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी 1980 च्या दशकाच्या पूर्वार्धात केलेल्या कार्यालयीन सुधारणांशी ही पद्धत सामान्यतः जोडली जाते. त्या सुधारणांना 'लखिना पॅटर्न' म्हणतात. तथापि तिचे सर्वच घटक त्या काळातले नाहीत. अभिलेखांचे जतनकाळानुसार वर्गीकरण ('अ' कायम, 'ब' 30 वर्षे, 'क' 10 वर्षे, 'क-1' 5 वर्षे, 'ड' 1 वर्ष) आणि आवक टपालाची कार्यविवरण नोंदवही (आलेला कागद व त्यावरील कार्यवाही नोंदवण्याची वही) त्याआधीपासून चालत आली होती. त्यामुळे लखिना यांना पद्धतीचे जनक म्हणण्यापेक्षा विस्कळीत झालेली जुनी शिस्त त्यांनी टेबलावर परत आणली, असे म्हणणे अधिक योग्य वाटते. हे कामही लहान नव्हे.

पद्धतीचा गाभा पहिल्या दोन गठ्ठ्यांत आहे. ज्यावर लिपिकाने स्वतः टिपणी लिहायची आहे ते प्रकरण प्रलंबित. तलाठ्याचा किंवा दुसऱ्या विभागाचा अहवाल यायचा आहे ते प्रतीक्षाधीन. वारस नोंदीसाठी खेटे घालणाऱ्या शेतकऱ्याला 'वर पाठवलंय' एवढेच उत्तर मिळते, तेव्हा हा भेदच पुसलेला असतो. प्रतीक्षाधीन गठ्ठ्यातले प्रकरण तारखेवारी काढून स्मरणपत्र धाडले नाही, तर तो गठ्ठा अडगळ होतो. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याने म्हणूनच या गठ्ठ्याचा रुमाल (बांधलेले कापड) आधी सोडवावा.

पुढे विलंबाला कायद्याने आवर घालण्यात आला. 2005 च्या बदल्या व विलंब प्रतिबंध अधिनियमानुसार कोणतीही नस्ती (फाइल) कर्मचाऱ्याकडे सर्वसाधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा अधिक काळ राहू नये. लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 ने अधिसूचित सेवेतील विनाकारण दिरंगाईसाठी 500 ते 5,000 रुपये दंड ठेवला. पुणे विभागात 2017 च्या सुमारास 'झिरो पेंडन्सी' (शून्य प्रलंबितता) मोहिमेत सहा गठ्ठ्यांचा पुन्हा अवलंब झाला. ई-ऑफिस या संगणकीय प्रणालीत नस्ती कोणाकडे किती दिवस आहे ते पडद्यावर दिसते. जुने अभिलेख मात्र अजून 'अ' ते 'ड' याच वर्गवारीने लावावे लागतात.