सूत्र वाचायचं, कोड चालवायचा नाही

वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमधल्या एका गाळ्याचं हिशेबपट्टीचं सॉफ्टवेअर मी सांभाळतो. हमाली कधी गोणीवर, कधी वजनावर. दर वेळी कोड बदलत बसणं परवडत नाही, म्हणून सूत्र स्क्रीनवरच लिहायची सोय केली: ‘वजन * भाव - गोण्या * हमाली’. पण लिहिलेल्या ओळीचा हिशेब होतो कसा?

१९६० साली जॉन मॅकार्थी यांचा लिस्प या प्रोग्रामिंग भाषेवरचा निबंध आला. त्यातलं ‘इव्हॅल’, म्हणजे लिहिलेली ओळ कोड म्हणून चालवणारं फंक्शन, निव्वळ कागदावर होतं. स्टीव्ह रसेल यांनी ते आयबीएम ७०४ या संगणकावर उतरवलं आणि भाषा चालू लागली. १९९५ मध्ये ब्रेंडन आइक यांनी नेटस्केप ब्राउझरसाठी जावास्क्रिप्ट ही भाषा घडवली, तिच्यातही इव्हॅल आलं. त्याला मात्र सूत्र आणि प्रोग्राम यांत फरक कळत नाही. सूत्राच्या जागी कुणी लॉगिनची माहिती पळवणारी ओळ टाकली, तर तीही ते निमूट चालवतं. जेसन, म्हणजे प्रोग्राम एकमेकांना माहिती पाठवतात तो मजकूर, तोसुद्धा आधी सर्रास इव्हॅलनेच वाचत. २००९ मध्ये तो न चालवता नुसता वाचणारं ‘जेसन.पार्स’ प्रमाणित झालं.

सूत्र न चालवता नुसतं वाचायची खरी वाट जुनीच होती. एड्सगर डायक्स्ट्रा यांनी १९६१ मध्ये ती मांडली; रेल्वे यार्डात डबे बाजूच्या रुळावर थांबवतात, तशी त्यात चिन्हं थांबवून ठेवतात. समजा ५०० किलो, भाव १८, गोण्या १०, हमाली ६. पहिला गुणाकार रुळावर थांबलेला असतो. मागून वजाबाकी येते. तिचा मान कमी, म्हणून आधी गुणाकार सुटतो: ९०००. दुसरा गुणाकार मात्र वजाबाकीच्या पुढे लागतो: ६०. शेवटी वजाबाकी सुटते, हाती ८९४०. यात कोड कुठेच चालवलेला नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

व्हॉन प्रॅट यांनी १९७३ मध्ये आणखी एक सुटसुटीत रीत दिली. मॅथ.जेएससारख्या गणिताच्या तयार कोडच्या लायब्ऱ्यांनीही इव्हॅल टाळून स्वतःचा पार्सर, म्हणजे सूत्र वाचणारा भाग, लिहिला. तरी गाफील राहता येत नाही. वेबपानं बनवायच्या अँग्युलरजेएस या साधनाने सूत्रांभोवती घातलेलं कुंपण लोक पुन्हा पुन्हा ओलांडत राहिले आणि १.६ आवृत्तीत ते काढूनच टाकलं गेलं.

मी वापरतो त्या मॅथ.जेएसला देवनागरी नावं मुळात चालत नाहीत. नावात कोणतं अक्षर चालेल हे ठरवणारं फंक्शन बदलून द्यावं लागतं. ते मी बदललं. आता आमच्या सूत्राला वजन, भाव, गोण्या, हमाली आणि तोलाई एवढेच शब्द कळतात. सहावा शब्द आला, की पट्टी निघत नाही.