स्क्रॅम्बलरचं साल कसं ठरतं?

जुनी ब्रिटिश मोटोक्रॉस गाडी, म्हणजे खडबडीत मैदानावरच्या शर्यतीची मोटरसायकल (तिलाच स्क्रॅम्बलर म्हणत), विक्रीला निघाली की पहिला प्रश्न सालाचा. आपल्याकडे आरसी बुक उघडलं की इंजिन नंबर, चासी नंबर, बनावटीचं साल सगळं समोर येतं. या गाड्यांच्या बाबतीत ती सोय नाही. शर्यतीची स्क्रॅम्बलर व्हॅनमध्ये टाकून मैदानावर न्यायची आणि तशीच परत आणायची. रस्त्यावर चालवायचीच नाही, तर नोंदणी कोण करणार? शिवाय पडझड रोजचीच. या रविवारी इंजिन फुटलं की पुढच्या रविवारपर्यंत दुसरं बसायचं, फ्रेम वाकली की ती बदलायची. म्हणून माझं ठाम मत आहे की अशा गाडीला एकच साल चिकटवू नये. इंजिन, फ्रेम, गिअरबॉक्स, प्रत्येकाचं साल वेगळं शोधावं आणि तसंच लिहावं.

या खेळाची सुरुवात २९ मार्च १९२४ रोजी सरे परगण्यातल्या कॅम्बर्लीच्या माळरानावर झाली असं मानतात. महायुद्धापर्यंत बहुतेक जण रोजच्या वापरातल्या गाडीचा दिवा आणि फालतू वजन उतरवून शर्यतीला उभे राहत. १९४७ साली नेदरलँड्समध्ये पहिली मोटोक्रॉस दे नॅशन्स ही देशांच्या संघांची स्पर्धा झाली, ब्रिटनने ती जिंकली. १९५२ पासून ५०० सीसी गटाची युरोपियन स्पर्धा सुरू झाली, १९५७ पासून तिला जागतिक दर्जा मिळाला. १९५५ साली बीएसए या ब्रिटिश कंपनीच्या गाडीवर जॉन ड्रेपर आणि १९५६ साली नॉर्टनवर लेस आर्चर विजेते ठरले. एव्हाना कारखाने खास स्क्रॅम्बलची मॉडेलं विकू लागले होते.

त्यांत सगळ्यात जास्त गोंधळ आणि सगळ्यात जास्त बनवाबनवी बीएसए गोल्ड स्टारची. इंजिनाची अक्षरं सरळ आहेत: १९४९ पासून झेडबी, मग बीबी, सीबी, डीबी आणि १९५६ पासून डीबीडी. पुढचा ३२ म्हणजे ३५० सीसी, ३४ म्हणजे ५०० सीसी, आणि शेवटी जीएस. फ्रेमची अक्षरं मात्र इंजिनाबरोबर बदलत गेली नाहीत. सीबी३२ हा फ्रेमचा ठसा १९६३ साली उत्पादन थांबेपर्यंत चालू राहिला. त्यामुळे डीबीडी३४ इंजिनाखाली सीबी३२ फ्रेम दिसली की नवखा गिऱ्हाईक बिचकतो, पण तीच जोडी बरोबर असते. दोन्हींचे आकडेही जुळत नाहीत. बीएसएमध्ये तेव्हा ते जुळवतच नसत. नंबरांपेक्षा जास्त भरवशाची खूण गाडीखाली वाकल्यावर दिसते. स्विंगिंग आर्मच्या (मागचं चाक वरखाली हलू देणाऱ्या दांड्याच्या) अस्सल गोल्ड स्टार फ्रेमची उजवीकडची खालची नळी ऑइल पंपाला जागा देण्यासाठी मुद्दाम दाबून वाकवलेली असते. साध्या बी३१, बी३३ मॉडेलच्या फ्रेमला ती नळी सरळ असते. नंबर पुन्हा पंच करता येतो, नळीचा हा बाक नकलून आणणं बरंच अवघड.

मॅचलेस आणि एजेएसचं काम त्या मानाने सोपं. प्लमस्टेडचा हा कारखाना १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला मॉडेलच्या आधी सालच ठोकत असे, म्हणजे इंजिनावर ५४/जी८०सीएस असं थेट वाचता येतं.

ग्रीव्ह्ज लांबूनच ओळखू येते. एसेक्समधल्या थंडर्सलीच्या या गाडीला फ्रेमच्या पुढच्या नळीच्या जागी ॲल्युमिनियमचा ओतीव जाडजूड खांब असतो आणि पुढचं सस्पेन्शन रबरावर चालतं. डेव्ह बिकर्सने १९६० आणि १९६१ साली युरोपियन २५० सीसी विजेतेपद मिळवलं ते ग्रीव्ह्जवरच. तिच्यात आणि कॉटन, डॉटसारख्या इतर अनेक गाड्यांत व्हिलियर्सची इंजिनं असत. पण ३२ए किंवा ९ई हे नाव इंजिनाचा प्रकार सांगतं, गाडीचं साल नव्हे.

डॉन आणि डेरेक या रिकमन बंधूंची मेटिस मात्र पुरती कोड्यात टाकते. निकेल चढवलेली, नळ्यांमध्येच तेल साठवणारी ती सुरेख फ्रेम अनेकदा सुटी विकत घेतलेली असे. इंजिन मालकाच्या पसंतीचं, ट्रायम्फ किंवा मॅचलेस. तिथे फ्रेम आणि इंजिन यांच्या सालांत अंतर असणं अगदी स्वाभाविक आहे.

मग छोटे भाग साक्ष देतात. ॲमलचा मोनोब्लॉक कार्बोरेटर १९५०च्या दशकाच्या मध्यावर आला, कॉन्सेंट्रिक १९६७ च्या सुमारास. लुकासच्या मॅग्नेटोवर (इंजिनाला ठिणगी देणाऱ्या भागावर) महिना आणि साल ठोकलेलं सापडतं. अर्थात हे भाग सहज बदलता येतात, त्यामुळे एकट्या कार्बोरेटरवरून निकाल देऊ नये. १९६९ च्या मॉडेलांपासून बीएसए आणि ट्रायम्फने दोन अक्षरांची पद्धत आणली: पहिलं महिन्याचं, दुसरं मॉडेल वर्षाचं. एक्सडी म्हणजे डिसेंबर १९६९ मध्ये तयार झालेलं १९७० चं मॉडेल. इथे बरेच जण एका वर्षाने चुकतात, कारण नवा हंगाम ऑगस्टपासूनच धरला जाई.

तोवर खेळ हातातून निसटला होता. जेफ स्मिथने बीएसएवर १९६४ आणि १९६५ ची ५०० सीसीची जागतिक विजेतेपदं घेतली, पण १९६६ साली पॉल फ्रीडरिक्स टू-स्ट्रोक सीझेडवर जिंकला आणि पुढची दोन वर्षंही त्याचीच झाली. १९७१ साली बीएसएचा स्पर्धा विभाग बंद पडला. बोल्टनच्या ॲलन क्ल्यूज यांनी तिथलं सामान विकत घेऊन सीसीएम ही मोटरसायकल कंपनी सुरू केली. म्हणूनच सुरुवातीच्या सीसीएममध्ये बीएसएचे भाग दिसले तर ती जोडकाम केलेली गाडी समजून नाकारू नये.

शंका उरलीच तर कारखान्यांच्या रवानगी वह्या, म्हणजे कारखान्यातून बाहेर पडलेल्या गाड्यांच्या नोंदी, आहेत. बीएसए, ट्रायम्फच्या वह्या व्हिंटेज मोटर सायकल क्लबकडे, मॅचलेसच्या त्या गाड्यांच्या मालकांच्या क्लबकडे. तिथे पत्र पाठवण्यापूर्वी ठशावरचा रंग हळूच उतरवून दोन्ही नंबरांचे स्वच्छ फोटो काढावेत. घासकागद लावू नये. आकड्यांभोवतीच्या कारखान्याच्या मूळ खुणा एकदा घासल्या गेल्या की अस्सल गाडीही संशयास्पद ठरते.