कूपर कुलकर्णी

पुण्यातल्या एका जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडरनं फाइल उघडून नाव पुकारलं, ‘‘कूपर कुलकर्णी!’’ बाकाखालून एक सोनेरी लॅब्राडोर शेपटी हलवत उठला. माझ्या कुत्र्याचा नंबर यायला अजून वेळ होता, तेवढा वेळ तेच नाव डोक्यात घोळत राहिलं. त्या कुत्र्याला एक नव्हे, दोन आडनावं होती आणि दोन्ही कामावरून पडलेली. कुलकर्णी गावाचा हिशेब लिहायचा, कूपर पिंपं बांधायचा.

कूपरचं काम मोठं देखणं. ओकच्या फळ्या मधे रुंद आणि टोकांना निमुळत्या तासायच्या, गोल उभ्या करायच्या, आत शेकोटी पेटवून त्या ऊन आणि मऊ झाल्या की वाकवायच्या, मग वरून लोखंडी पट्टे ठोकत ठोकत आवळायचे. एक खिळा नाही, सरस नाही, तरी थेंब गळत नाही. दारू, खारे मासे, बंदुकीची दारू, सगळं पिंपांतून जायचं, त्यामुळे कूपर नाही असं बंदर नसे आणि लांबच्या जहाजांवरही तो असे. स्कॉटलंडच्या व्हिस्कीच्या भट्ट्यांसाठी हे कारागीर आजही काम करतात.

1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, त्यानंतरच्या तीनएकशे वर्षांत तिथे आडनावं हळूहळू वंशपरंपरेनं चालू लागली. लोहाराचा स्मिथ, हरणांच्या राखीव रानाचा राखणदार तो पार्कर, जमीनदाराचा कारभारी तो बेली. विणलेलं कापड पाण्यात तुडवून घट्ट करणाऱ्याला नैर्ऋत्येकडे टकर म्हणत, आग्नेयेकडे फुलर आणि उत्तरेकडे वॉकर. काम एकच, मुलूख बदलला की आडनाव बदललं. टकर आणि बेली ही आज कुत्र्यांची अगदी रुळलेली नावं आहेत.

आडनावाचं पहिलं नाव होण्याची सुरुवात उमराव घराण्यांतून झाली. विल्यम कॅम्डन या इतिहासकारानं 1605 मध्ये नोंदवलं आहे की अलीकडे आपल्याकडे आडनावं बाप्तिस्म्याच्या वेळी देऊ लागले आहेत आणि ही रीत बाकी ख्रिस्ती जगात कुठे नाही. सिडनी, डडली, हॉवर्ड, पर्सी ही नावं अशीच आली. अमेरिकेत, विशेषतः दक्षिणेकडे, आईच्या माहेरचं आडनाव मुलाला द्यायची चाल पडली. लग्नानं पुसलं जाणारं माहेर असं मुलाच्या नावात टिकायचं. मला या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत हळवी गोष्ट वाटते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो धागाही सुटला. टायलर, हंटर, कार्टर ही नावं नात्यावरून नव्हे, कानाला बरी वाटतात म्हणून ठेवली जाऊ लागली. 2011 मध्ये अमेरिकेत मुलांच्या नावांत दुसऱ्या क्रमांकावर होतं मेसन, म्हणजे गवंडी.

कुत्र्यांच्या नावांचा प्रवास वेगळा आहे. ग्रीक लेखक झेनोफोननं शिकारी कुत्र्यांसाठी 47 नावं सुचवली आणि सांगितलं की नाव लहान ठेवा, म्हणजे हाक मारायला सोपं जातं. कूपर त्या कसोटीला आजही उतरतो. दोनच अक्षरावयव, सुरुवातीला ठसठशीत ‘कू’, मैदानाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल असं. जॉर्ज वॉशिंग्टनच्या शिकारी कुत्र्यांची नावं व्हल्कन, स्वीट लिप्स अशी होती. माणसाचं वाटेल असं नाव तेव्हा सहसा ठेवत नसत. 1940 मध्ये फ्रँकलिन रूझवेल्टकडे स्कॉटिश टेरियरचं पिल्लू आलं. जग त्याला फाला म्हणून ओळखतं, पण रूझवेल्टनं ठेवलेलं पूर्ण नाव होतं ‘मरे द आउटलॉ ऑफ फालाहिल’. मरे हे त्याच्या एका स्कॉटिश पूर्वजाचं आडनाव. कुत्र्याला आपल्या वंशावळीत जागा दिली ती अशी.

पुढे कुत्रा अंगणातून घरात आला, घरातून पलंगावर आला, आणि मुलांची नावं त्याला आपसूक मिळू लागली. म्हणून गेली काही वर्षं अमेरिकेतल्या कुत्र्यांच्या नावांत कूपर वरच्या जागांवर असतो. हाक मारताना पिंप कुणाच्याच मनात नसतं.

आपल्याकडे मात्र कूपर अजून खरंखुरं आडनाव आहे. मुंबईच्या पारशांनी इंग्रजी धंद्यांची नावं आडनावं म्हणून घेतली: इंजिनियर, कॉन्ट्रॅक्टर, कूपर. जुहूचं कूपर हॉस्पिटल सगळ्यांना ठाऊक आहे. साताऱ्याचे धनजीशा कूपर 1937 मध्ये मुंबई प्रांताचे पहिले प्रधानमंत्री, म्हणजे आजच्या भाषेत मुख्यमंत्री, झाले. एप्रिल ते जुलै असं साडेतीन महिन्यांचं ते मंत्रिमंडळ, नंतर बाळासाहेब खेर आले.

मग आपल्याकडे कुत्र्याला सुतार किंवा कुंभार का म्हणत नाहीत? कारण इथे आडनाव उच्चारलं की जात, गाव, घराणं सगळं समोर उभं राहतं. असं नाव कुत्र्याला ठेवणं हा कुणाचा तरी अपमानच ठरेल, आणि तसं नाव कुणीही ठेवू नये. कूपर चालतो तो परका आणि आपल्या कानाला अर्थानं रिकामा आहे म्हणून. आपली जुनी नावं वेगळ्याच मुळातून आली आहेत. मोत्या रंगावरून, खंड्या आणि वाघ्या खंडोबावरून. कुत्रा हे खंडोबाचं लाडकं जनावर, आणि जेजुरीचे वाघे स्वतःला देवाचे कुत्रे म्हणवतात.

तरीही आडनावानं लाड करणं आपल्याला नवं नाही. होस्टेलात आयुष्यभराची मैत्री झाली की जोशीचा जोश्या होतो, पाटलाचा पाटल्या. सासरच्या माणसांसमोरही ती हाक सुटत नाही.

दवाखान्यात इंजेक्शन दिल्यावर लॅब्राडोर टेबलावरच अडून बसला. डॉक्टर ‘कूपर, कूपर’ करून दमले. सोबत आलेल्या आजी पुढे झाल्या, त्याच्या मानेवर हात ठेवला आणि म्हणाल्या, ‘‘कुप्या, चल रे बाळा, झालं.’’ तो उतरला.